जहाल रसायनं आणि त्यांचे कमी घातक पर्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला घरं. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या या पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं सेफ्टीचं काम केलं. आता लहान गाळ्यांमधले कामगार, सोसायट्या आणि कॉलेजं यांच्यासाठी शिबिरं घेते. शिबिर संपलं की चहाच्या कपाबरोबर खरे प्रश्न बाहेर येतात, आणि नंतर तेच फोनवरही येत राहतात. ते इथे एकत्र केलेत. अंगावर काही सांडलं असेल आणि घाईत वाचत असाल, तर आधी १८वा प्रश्न उघडा.

१. "अतिविषारी" म्हणजे नक्की किती विषारी? आमच्याकडे अर्ध्या ड्रमांवर कवटी आहे.

कवटी एकाच पातळीला येत नाही, त्यामुळे तेवढ्यावर अंदाज बांधू नका. प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात तिला 'एलडी ५०' म्हणतात. ती शरीराच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण याच हिशेबाने छापतात, तोंडावाटे गेलेल्या मात्रेसाठी: लाल म्हणजे १ ते ५०, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्यापुढे.

पण हा हिशेब एकाच वेळी पोटात गेलेल्या विषाचा झाला. रोज थोडं थोडं श्वासातून जाऊन दहा वर्षांनी रक्ताचा कर्करोग करणारं बेंझिन या आकड्यात गरीब दिसतं. त्यासाठी वेगळं चित्र असतं: माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर चांदणी. कवटीला सगळे घाबरतात, चांदणीकडे कुणी बघत नाही. मी मात्र चांदणीवाल्या डब्यांनीच जास्त माणसं आजारी पडलेली पाहिली.

२. एमएसडीएस (रसायनासोबत येणारी सुरक्षा माहितीची शीट) दहा-बारा पानी आणि इंग्रजीत असते. त्यातलं काय वाचू?

तिचे ठरलेले सोळा विभाग असतात. पहिल्या दिवशी पाच वाचा: दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार), सहावा (सांडलं तर काय), आठवा (हवेतली मर्यादा आणि कोणते हातमोजे), दहावा (कशाशी भेट होऊ द्यायची नाही). या पाचांचं सार मराठीत आणि हिंदीत एका पानावर लिहून टाकीशेजारी लावा. फाइल ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅनेजरच्या खिशात असेल, तर ती शीट फक्त इन्स्पेक्टरला दाखवायला ठेवली आहे असं समजा.

३. मालक म्हणतात, "मास्क दिला, ग्लोव्ह्ज दिले, आणखी काय पाहिजे?" यावर काय बोलायचं?

मास्क आणि हातमोजे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी चार पायऱ्या येतात. हे रसायन लागतंच का? लागत असेल तर कमी घातक दुसरं चालेल का? तेही जमत नसेल तर झाकण, एक्झॉस्ट, बंद पाइपलाइन करून ते माणसापासून दूर ठेवता येईल का? मग कामाची पद्धत: किती माणसं, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली. एवढं करूनही जे उरेल, ते मास्कने अडवायचं.

कारण अगदी साधं आहे. मे महिन्यात रबाळ्याच्या पत्र्याच्या गाळ्यात रबरी मास्क घालून आठ तास कोणी काम करत नाही. दहाव्या मिनिटाला तो हनुवटीवर येतो. माणूस दमतो, विसरतो, त्याला खाज सुटते. मुळात नसलेल्या रसायनाला मात्र कुणाच्या शिस्तीची गरज लागत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत पहिल्या दोन पायऱ्यांवरच जास्त बोलले आहे, ते यासाठी.

४. कोरोनात घेतलेले एन-९५ पडून आहेत. वासाच्या कामाला चालतील ना?

नाही. ते धुळीसाठी आहेत, वायू त्यांतून आरपार जातो. वायूला कार्ट्रिजचा (वायू शोषणाऱ्या डबीचा) मास्क लागतो आणि कार्ट्रिज त्या त्या वायूचंच हवं. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा सॉल्व्हंटच्या (थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांच्या) वाफांसाठी, करडा क्लोरीनसारख्या वायूंसाठी, पिवळा सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्ल वायूंसाठी आणि हिरवा अमोनियासाठी असतो. सील फोडल्यावर कार्ट्रिज पडल्या पडल्याही संपत जातं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आणि ऑक्सिजनच कमी असलेल्या जागी कुठलंही कार्ट्रिज उपयोगाचं नाही (प्रश्न १०).

५. हातमोजे कोणतेही चालतात का? आम्ही मेडिकलमधले पातळ आणतो.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान नावाच्या प्राध्यापिका होत्या. विषारी धातू हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काम करत होत्या, नियमाने वागल्या होत्या. काही महिने काही झालं नाही. मग तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतर केलेल्या तपासणीत कळलं की ते रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होतं.

म्हणून 'हातमोजे घातलेत का' असं विचारू नका. 'कशाचे घातलेत' असं विचारा. नायट्राइल तेल आणि पेट्रोलसारख्या द्रवांना बरं, पण ॲसिटोन आणि मिथिलीन क्लोराइड त्यातून लवकर पार होतात. ॲसिटोनला ब्युटाइल रबर लागतं. मिथिलीन क्लोराइडला अनेक पदरी लॅमिनेटचे हातमोजे आणि त्यावर जाड मोजे. आठव्या विभागात (प्रश्न २) 'किती मिनिटांत पार होतं' हा आकडा नसेल, तर पुरवठादाराकडून लेखी मागून घ्या.

६. बाथरूम स्वच्छ निघावं म्हणून ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकलं तर चालतं का? सोसायटीतल्या मावशी असंच करतात.

त्यांना आजच थांबवा. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटला ते भेटलं की क्लोरीन सुटतो. तो हवेच्या अडीचपट जड असतो, म्हणजे बंद संडासात फरशी घासायला वाकलेल्या बाईच्या नेमका तोंडापाशी साचतो. ब्लीच आणि अमोनियावाला काचेचा क्लीनर हीही जोडी वाईट.

पर्याय तर स्वस्तच आहे. पांढऱ्या खारट डागांना सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, गरम पाण्यात. तेलकट थराला धुण्याचा सोडा. ब्लीच हवंच असेल तर ते एकटं वापरा, दार उघडं ठेवून.

सोसायटीत पोहण्याचा तलाव असेल तर एक जादा सूचना. तलावात टाकायच्या टीसीसीए गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर दोन्ही 'क्लोरीन' म्हणूनच ओळखल्या जातात. दोन्हींना एकच डाव वापरला तरी पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. दोन डबे, दोन डाव, दोन कपाटं.

७. ढेकणांसाठी एकाने गोळ्यांची पावडर गादीखाली ठेवायला दिली आहे. "दोन दिवस घर बंद ठेवा" म्हणाला. ठेवू का?

ठेवू नका. घर आधीच बंद करून ठेवलं असेल, तर आत जाऊ नका. घरातले आणि शेजारचे, वरचे, खालचे सगळे बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

ती पावडर बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते, बोलीत 'सल्फास'. ती धान्याच्या गोदामांसाठी आहे. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन सुटतो, आणि आपल्याकडे जुलैत हवेत ओलावा किती असतो ते वेगळं सांगायला नको. फॉस्फीन तुमच्या घरात थांबत नाही. भिंतीतल्या फटी, वायरींचे पाइप, बाथरूमचा डक्ट यांतून तो शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. त्यावर उतारा असं औषध नाही. लसूण किंवा मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण नाकाच्या भरवशावर बसू नका (प्रश्न १५). पावडरीवर पाणी तर अजिबात ओतू नका, वायू एकदम सुटतो.

कायद्यानेही ही वस्तू तुमच्या हातात यायलाच नको. तिची विक्री सरकारी संस्था आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे पेस्ट कंट्रोलवाले यांच्यापुरतीच आहे. तीन ग्रॅमच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्या तर २००१ पासून बंद आहेत.

ढेकणांचा खरा शत्रू उष्णता. पंचावन्न अंशांच्या आसपास त्यांची अंडीही टिकत नाहीत. चादरी-उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात, पलंगाच्या सांध्यांवर आणि गादीच्या शिवणीवर वाफेचं यंत्र हळूहळू फिरवायचं, गादीला चेनवालं बंद कव्हर. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच, कारण एकदा करून ढेकूण जात नाहीत. फवारणी करून घ्यायची असेल तर कीटकनाशक कायद्याखालचा परवाना बघा आणि औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

८. डांबरगोळ्यांऐवजी कापूर ठेवला तर? तो नैसर्गिक आहे.

नैसर्गिक तर धोतराही आहे. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे जी६पीडी नावाचं विकर कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात. अशा गोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता बाळाला गुंडाळणं म्हणूनच धोक्याचं. पण कापूर लहान मुलाने गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपडे कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा. आजीची पद्धत इथे पुरेशी आहे.

९. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. पारा केरात टाकला तर चालेल?

केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. तो पाऱ्याची वाफ करून घरभर उडवतो. पंखा आणि एसी बंद करा, खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा. खेळायच्या दोन पत्त्यांनी थेंब एकत्र लोटा, बारीक मणी चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बाटलीत घालून चिठ्ठी लावा आणि महापालिकेच्या घातक कचरा संकलनात द्या. सिंकमध्ये ओतू नका. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. डिजिटल थर्मामीटर आता कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो.

१०. सेप्टिक टँक साफ करायला ठेकेदार माणसं उतरवतो. मास्क देऊन उतरवलं तर चालेल का?

टाकीत माणूस उतरवायचाच नाही. मे २०१९ मध्ये ठाण्यातल्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले तीन कामगार गेले. अशा टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात आणि ऑक्सिजन कमी असतो. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. कार्ट्रिज मास्क हवा गाळतो, नसलेला ऑक्सिजन आणून देत नाही.

संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. सोसायटीच्या सचिवांना एवढं सांगितलं की सक्शन टँकरचे पैसे महाग वाटेनासे होतात. मदतीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

११. आमचा झिंक प्लेटिंगचा (पार्टवर जस्ताचा थर चढवायचा) गाळा आहे, सायनाइड बाथवर (सायनाइडच्या द्रावणाच्या टाकीवर). बिनसायनाइडचं जमेल का? गिऱ्हाईक चकाकीवरून कटकट करतं.

जमेल. दोन रस्ते आहेत. पहिला अल्कलाइन, सायनाइडविरहित. यात आडव्या-तिडव्या पार्टवरही थर सगळीकडे सारखा बसतो. दुसरा क्लोराइडचा ॲसिड झिंक. चकाकी छान, वेग चांगला, बिडाच्या पार्टवरही बसतो. पण खोबणीत थर पातळ पडतो आणि टाक्या-हँगर जास्त गंजतात.

बदल केल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार 'माल सोलतो' अशी असते. दोष बाथचा नसतो. सायनाइड स्वतःच मळ काढतो, त्यामुळे तेलकट पार्टसुद्धा खपून जायचा. नवीन बाथ तेवढी माफी देत नाही. आधीचं डिग्रीसिंग (तेल काढणं) आणि पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं) नीट करावं लागतं, पाण्याचे धुवे वाढवावे लागतात.

आता मोठा धोका, जो बदलाच्या दिवशीच असतो. सायनाइडच्या जुन्या टाकीत, पाइपात, फिल्टरमध्ये उरलेल्या द्रावणावर ॲसिड झिंक पडलं तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. सुरक्षित व्हायला निघालेला गाळा त्याच दुपारी सगळ्यात धोकादायक होतो. जुनं द्रावण अधिकृत प्रक्रियेला पाठवा (प्रश्न १७), टाकी-पाइप नवे घ्या किंवा तज्ज्ञाकडून निर्विष करून घ्या. दोन्ही बाथ काही दिवस शेजारी चालवायचे असतील तर धुव्याची गटारंही वेगळी हवीत. पिकलिंगचं ॲसिड आणि सायनाइडचं धुवण एकाच चेंबरला जाताना मी डोळ्यांनी पाहिलंय. गाळेवाला म्हणाला, "वीस वर्षं काही झालं नाही." त्या गटारात कॉस्टिक (ॲसिड मारणारा क्षार) जास्त पडत होतं म्हणून काही झालं नव्हतं. ज्या दिवशी कॉस्टिक संपलं असतं, त्या दिवशी झालं असतं.

१२. क्रोमचं काय? षट्संयुजी क्रोमऐवजी ट्रायव्हॅलंट (त्रिसंयुजी) क्रोम खरंच चालतं?

नळ, हँडल, शोभेचे पार्ट यांना चालतं. रंगात किंचित काळसर झाक येते, गिऱ्हाइकाला नमुना आधी दाखवा. झिंकवरच्या निळ्या-पिवळ्या पॅसिव्हेशनलाही (गंज अडवणाऱ्या पातळ थराला) ट्रायव्हॅलंट मिळतं. अडचण हार्ड क्रोमला येते, कारण जाड थर अजून षट्संयुजी क्रोमनेच सोपा जातो. ते कर्करोगकारक आहे, आणि नाकाच्या पडद्याला भोक पाडतं. टाकीवर फेस धरून वाफ दाबणारं रसायन टाकतात ते चांगलंच, पण त्यात पीएफओएस (निसर्गात न मोडणारं एक रसायन) नाही ना विचारा. त्यावर स्टॉकहोम करारात २००९ पासून निर्बंध आहेत.

१३. बेंझिन बंद करून हेक्झेनवर आलो. आता सुरक्षित ना?

'पर्याय' या शब्दाने सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बेंझिन गेलं, ठीक. पण एन-हेक्झेन शरीरात मोडून असं द्रव्य बनतं जे हातापायांच्या नसा खराब करतं. आधी पायाच्या बोटांना मुंग्या, मग चप्पल निसटते, मग जिना चढवत नाही. चीनमधल्या सुझोऊ शहरात २००९-१० च्या सुमारास मोबाइलचे पडदे पुसायला अल्कोहोलच्या जागी हेक्झेन आणलं, लवकर सुकतं म्हणून. शंभरावर कामगार आजारी पडले. तिथे तर सुरक्षित वस्तू काढून घातक आणली होती, तीही काही सेकंद वाचवायला.

हेक्झेनऐवजी हेप्टेन बघा. ते त्याच कुळातलं, पण नसांना मारणारं ते द्रव्य त्यातून होत नाही. आगीचा धोका मात्र तोच. डिंक-चिकटवणीत पाण्यावर आधारलेले प्रकार मिळतात. मशीनचे पार्ट धुवायला गरम पाणी, डिटर्जंट आणि अल्ट्रासोनिक टाकी पुष्कळ वेळा पुरते.

'थिनर' म्हणून मिळणाऱ्या कॅनबद्दल एक सांगते. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हेक्झेनच्या जोडीला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, आणखी एक सॉल्व्हंट) असेल तर नसांची हानी वाढते. नाव आणि घटक नसलेला कॅन आत घेऊच नका.

कुठलाही पर्याय आला की मी तीन गोष्टी विचारते. हा लगेच मारत नाही, पण सावकाश मारतो का? हा श्वासाला बरा, पण आगीला वाईट का? आणि उरल्यावर याचं काय करायचं?

१४. स्टीलच्या वेल्डिंगचे डाग काढायला पिकलिंग पेस्ट वापरतो. लागलं तरी फार जळत नाही. मग एवढी भीती कसली?

फार जळत नाही हीच भीती. त्या पेस्टमध्ये नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. पातळ असेल तर दुखणं कित्येक तासांनी सुरू होतं. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडत बसलेलं असतं. कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून छोटा डाग पडला तरी थांबायचं नाही: लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहा, आणि रुग्णालयात नेताना शीट सोबत घ्या. हे जेल गाळ्यात आधीपासून हवं, आणि त्याची तारीख बघत चला. जेल नसेल त्या गाळ्यात पेस्ट उघडू नये, इतकं मी सरळ सांगते.

पर्याय कामावर ठरतो. डाग हलका असेल तर घासणं, ब्लास्टिंग किंवा विजेवर चालणारी वेल्ड क्लीनिंग यंत्रं चालतात. नुसतं पॅसिव्हेशन हवं असेल तर सायट्रिक ॲसिड चांगलं काम देतं. 'एचएफ-फ्री' (हायड्रोफ्लोरिक नसलेलं) लिहिलेल्या बाटलीत अमोनियम बायफ्लोराइड असेल तर ती पळवाट समजा. पाण्यात आणि आम्लात ते तेच काम करतं आणि त्याला जेलही तेच लागतं. फरशी आणि काच साफ करणारी काही 'जादुई' द्रावणंही याच घराण्यातली असतात.

१५. वास येत नाही, म्हणजे गळती थांबली असं धरायचं का?

उलटही असू शकतं. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास अगदी थोडक्यालाही येतो. पण हवेत दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस पुढे जातो. सायनाइडचा कडू बदामाचा वास काही जणांना जन्मतःच येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. गॅस डिटेक्टर घ्या, आणि तो ठरलेल्या मुदतीत तपासून घ्या. न तपासलेला डिटेक्टर नाकापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विश्वास बसतो.

१६. साठवताना एबीसीडीप्रमाणे लावलं तर सापडायला सोपं जातं. चालेल ना?

नाही. इंग्रजी अक्षरांनी लावलं तर कॉपर सायनाइडशेजारी क्रोमिक ॲसिड येतं. वर्गाने लावा: आम्लं एकीकडे, सायनाइड आणि सल्फाइड दूर कुलपात, नायट्रिक ॲसिड सॉल्व्हंटपासून लांब, सगळ्यांखाली ट्रे, आणि जड बाटली डोळ्यांच्या उंचीच्या वर नाही.

आपल्याकडे पाऊस हा वेगळा विषय. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना समजावायला लागत नाही. पाण्याने पेटणाऱ्या किंवा वायू सोडणाऱ्या वस्तू (सोडियम, कार्बाइड, फॉस्फाइड) जमिनीलगत ठेवू नका. गाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं ती खूण शोधा आणि सगळ्यात खालचा कप्पा तिच्यावर घ्या. मे महिन्यात पत्रे तपासून घ्या.

१७. वापरलेलं द्रावण "टँकरवाला स्वस्तात नेतो". देऊ का?

तो ते कुठे ओततो हे त्याला विचारलंत का? २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि रात्रीत शेकडो लोकांना त्रास झाला. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे माल तुमच्या दारातून गेल्यावरही जबाबदारी तुमचीच राहते. साठवण साधारण ९० दिवसांपर्यंत, टँकरसोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद), आणि माल अधिकृत प्रक्रिया केंद्रातच. महापे आणि तळोजा या दोन्ही ठिकाणी अशी सोय आहे. लहान गाळ्यांनी मिळून एक गाडी बोलावली तर खर्च परवडतो.

१८. अंगावर सांडलं, डोळ्यात गेलं, पोटात गेलं, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

कातडीवर पडलं तर कपडे उतरवा, लाज नंतर. किमान पंधरा ते वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. डोळ्यात गेलं तरी तेवढाच वेळ, पापण्या उघड्या धरून. कोरडी चुन्याची पूड असेल तर आधी झटका, मग पाणी. हायड्रोफ्लोरिकचं वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. गेलेलं ॲसिड येताना पुन्हा जाळतं.

वायू लागला तर मोकळ्या हवेत काढा, पण स्वतः श्वास रोखून आत धावू नका. सायनाइड आणि फॉस्फीनमध्ये तोंडाने तोंडात श्वास देऊ नका, बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरा. १०८ ला फोन करताना रसायनाचं नाव सांगा आणि डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र असतं, डॉक्टरांनाही तिथे विचारता येतं.

१९. नायट्रिकचा तांबडा धूर लागला, खोकला आला, मग बरं वाटलं. घरी जाऊ दिलं. बरोबर केलं ना?

नाही केलं. त्या धुराने फुप्फुसात पाणी भरायला कधी कधी चोवीस तासही लागतात. सोनं शुद्ध करणाऱ्या, तांब्या-पितळेला ॲसिड लावणाऱ्या लोकांत हा घात नेहमीचा: संध्याकाळी हसत घरी, पहाटे धाप. निदान एक दिवस-रात्र रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा. फॉस्जीन वायूचंही असंच असतं.

२०. कोपरखैरण्यात राहतो. रात्री दोन-तीनला झोंबरा वास येतो. घाबरावं का? आणि खरंच गळती झाली तर?

हिवाळ्यात रात्री गार हवा खाली बसते आणि वरची गरम हवा झाकणासारखी राहते. दिवसा उडून जाणारा धूर मग वस्तीवर रेंगाळतो. वेळ, जागा, वाऱ्याची दिशा आणि वास कसा, हे आठवडाभर लिहून ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेलापूर कार्यालयात 'वास येतो' या तक्रारीपेक्षा ती वही जास्त काम करते.

गळती असेल, डोळे झोंबत असतील, पोलीस भोंग्यावर सांगत असतील, तर बाहेर बघायला जाऊ नका. खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद, दाराखाली ओलं फडकं. क्लोरीन जड म्हणून वरच्या मजल्यावर जा. अमोनिया हलका खरा, पण शीतगृहातून एकदम सुटला तर गार ढगासारखा जमिनीलगत सरकतो, म्हणून नुसत्या 'वर-खाली'च्या हिशेबावर बसू नका. बाहेर अडकलात तर वाऱ्याला आडवे जा, वाऱ्याबरोबर पळू नका.

२१. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून क्रोमिक ॲसिडने काचसामान धुतात. बदलता येईल?

येईल, आणि फार सहज. प्रयोगशाळेचं डिटर्जंट, गरम पाणी, अल्ट्रासोनिक. जीवशास्त्राच्या विभागात इथिडियम ब्रोमाइडऐवजी कमी घातक रंगद्रव्यं मिळतात, ॲक्रिलामाइडची पावडर तोलण्याऐवजी तयार जेल घेता येतं. सोडियम ॲझाइड सिंकमध्ये ओतण्याची सवय मात्र आधी मोडा. शिशा-तांब्याच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार साचतात आणि त्रास होतो तो प्लंबरला.

२२. मी हेल्पर आहे. टाकीत काय आहे असं विचारलं तर नोकरी जाईल का?

विचारणं हा तुमचा हक्क आहे. भोपाळच्या २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात खास कलमं घातली गेली. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं, आणि धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर सुरक्षा समितीकडून किंवा चार जणांनी मिळून लेखी विचारा. तेवढ्यानेही काही झालं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाता येतं. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) डॉक्टरला कामाचं नाव सांगा, नुसता 'खोकला' सांगू नका. क्रोमचे व्रण, शिसं, पारा, बेंझिन यांचे आजार कारखाना कायद्याच्या यादीत कळवायचे आजार म्हणून नोंदलेले होते.

२३. भंगारवाल्याकडून निळे ड्रम घेतले, तीनदा धुतले. पाणी भरायला वापरू?

नको. ते प्लॅस्टिक आतून रसायन शोषून घेतं आणि उन्हात हळूहळू परत सोडतं. वास गेला तरी आत काय होतं हे कळत नाही, कारण लेबल भंगारवाल्यानेच खरवडलेलं असतं. रसायन लागलेले रिकामे ड्रम नियमांप्रमाणे स्वतःच घातक कचरा आहेत, ते साफ करण्याची परवानगी असलेल्यांनाच द्यायचे. कारखानदार असाल तर ड्रम बाहेर पाठवताना त्याला भोक पाडून पाठवा, म्हणजे कुणी पाणी भरू शकणार नाही. सॉल्व्हंटच्या ड्रमला मात्र आतली वाफ काढल्याशिवाय ड्रिल किंवा कटर लावू नका. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा जोरात उडतो.